चूक सांगणाऱ्यास अभय : विमान सुरक्षेतून मिळालेला धडा

कामाच्या ठिकाणी अपघात झाला की दोषी कोण, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. मात्र शिक्षेच्या भीतीने चुका लपवल्या जातात आणि धोका तसाच राहतो. अमेरिकेतील एका विमान अपघातानंतर या विचारसरणीला वेगळे वळण मिळाले.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळील डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूए कंपनीचे विमान व्हर्जिनिया राज्यातील माऊंट वेदर या डोंगरावर आदळले. त्यात सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. नियंत्रकाची परवानगी मिळताच १,८०० फुटांपर्यंत खाली येणे सुरक्षित आहे, असा वैमानिकांचा समज झाला होता. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचे एक विमान अशाच गैरसमजामुळे याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्याच्या वैमानिकांनी घटना कळवली आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतर कंपन्यांना ती माहिती देणारी व्यवस्थाच नव्हती.

ही उणीव दूर करण्यासाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९७५ मध्ये योजना आखली. परंतु दंड करणाऱ्या यंत्रणेकडेच चूक कोण कबूल करणार? म्हणून १९७६ मध्ये हे काम नासा या त्रयस्थ संस्थेकडे सोपवण्यात आले. घटनेचा अहवाल देणाऱ्याचे नाव नासा गुप्त ठेवते. नियमभंग अनवधानाने झाला असेल आणि अहवाल दहा दिवसांत दिला असेल, तर सहसा दंडातून सूट मिळते. गुन्हेगारी कृत्ये व प्रत्यक्ष अपघात यांना हे संरक्षण नाही.

अपघाताच्या चौकशीचा उद्देश दोष ठरवणे नसून पुढील अपघात टाळणे हा आहे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत आहे. भारताच्या २०१७ च्या विमान अपघात चौकशी नियमांतही ते स्वीकारण्यात आले.

वैद्यकीय क्षेत्रातही हा विचार रुजला. उपचारातील चुकीमुळे मनाने खचणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना अमेरिकन वैद्य अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ‘दुसरा बळी’ असे संबोधले. पहिला बळी अर्थातच रुग्ण असतो. त्याला व त्याच्या कुटुंबाला सत्य सांगणे आणि चूक घडलेल्या कर्मचाऱ्याला आधार देणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्या जातात. हेतुपुरस्सर निष्काळजीपणाला मात्र या करुणेत सवलत नाही.