दात दुखेपर्यंत थांबायची सवय कुठून आली?

आमच्याकडे वणीत दाताचा डॉक्टर म्हणजे दाढ काढणारा डॉक्टर, अशी समजूत अजूनही आहे. आधी लवंग दाबून होते, मग मेडिकलमधून गोळी आणून होते, आणि तरीही रात्री झोप आली नाही तर दवाखाना. ही सवय नुकसान करते, पण ती आळसातून आलेली नाही. तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

दातांचे आजार आपल्याला नवे नाहीत. सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग मोजले आहेत. त्यांत दातांचे ८, तर दातांच्या मुळांचे म्हणजे हिरड्यांचे १५. पण बहुतेक लोकांच्या वाट्याला शेकडो वर्षे एकच उपाय आला, तो म्हणजे दात उपटणे, आणि तोही बधिर न करता. इंजेक्शनने हिरडी बधिर करणारे प्रोकेन हे औषध १९०५ मध्ये आले. त्याआधी अगदीच असह्य होईपर्यंत न जाणे, यात शहाणपणच होते.

शिकलेले दंतवैद्यही फार उशिरा मिळाले. भारतातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांची नोंदणी करणारा कायदा १९४८ चा, आणि नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चे. आज सत्तरीत असलेल्या वणीकराच्या लहानपणी दातासाठी जायचे म्हटले, तरी जवळपास जागाच नव्हती. "दुखले तर बघू" हे घराघरांत रुजले ते असे.

न दुखणारा आजार

याच काळात डॉक्टरांपुढे एक वेगळा आजार आला. १९५२ मध्ये श्वार्ट्झ या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या ५ भारतीय स्त्रियांची नोंद केली. त्यांचे तोंड हळूहळू उघडेनासे झाले होते. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, आपल्याकडे डॉ. जोशी यांनी या आजाराला 'सबम्यूकस फायब्रोसिस' असे नाव दिले. यात गालाच्या आतली मऊ त्वचा पांढुरकी, चिवट आणि ताठ होते. दात शाबूत असतात, ठणका नसतो. त्यामुळे दाताच्या डॉक्टरकडे जायचे कुणाच्या मनातही येत नाही.

रुग्णाची वाट बघत बसलो तर उशीर होतो, हे संशोधकांनी ओळखले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी महाराष्ट्रातल्या गावांमध्ये गेले आणि त्यांनी १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधीच्या खुणा, असे दोन्ही त्यांनी शोधले. या खुणा साध्या उजेडात, डोळ्यांनी दिसतात. बघणारा मात्र हवा.

कारणही पुढे स्पष्ट झाले. सबम्यूकस फायब्रोसिसचे मुख्य कारण सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण आपल्या भागातला खर्रा पुडीवर अवलंबून नव्हताच. सुपारी, तंबाखू आणि चुना पानठेल्यावर घोटून पन्नीत बांधून मिळतो. खाणीतला कामगार, ट्रकचा ड्रायव्हर, कॉलेजचा मुलगा, सगळ्यांच्या खिशात तो सापडतो.

मग दाताच्या डॉक्टरकडे कधी जायचे?

दुखण्याची वाट न बघता पुढच्या खुणा बघा:

- आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नाहीत.
- तिखट खाल्ले की तोंडात आग होते.
- गालात, जिभेवर किंवा हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे.
- तोंडातला फोड किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही.
- ब्रश करताना रक्त येते, किंवा मोठ्या माणसाचा दात हलतो.
- थंड पाण्याने दात शिवशिवतो, किंवा दातात काळा खड्डा दिसतो.

चेहऱ्यावर सूज, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. मधुमेह असलेल्यांनी काही त्रास नसतानाही सहा महिन्यांनी दाखवावे. हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या बिघडतात.

तोंड तीनऐवजी दोनच बोटे उघडत असेल, तर खर्रा आजच बंद करा आणि याच आठवड्यात तपासून घ्या. ताठ झालेला गाल पूर्वीसारखा मऊ होणे कठीण असते. पण सवय सुटली, तोंडाचे व्यायाम आणि औषधे वेळेत सुरू झाली, तर आजार तिथेच थोपवता येतो. कर्करोगाची शंका असलीच, तर लवकर सापडलेल्या गाठीवर उपचार सोपा असतो आणि बरे होण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते.

आजोबांच्या वेळी थांबण्यावाचून इलाज नव्हता. आता वणीत दंतवैद्य आहेत, नागपूरला मोठे रुग्णालय आहे. आज रात्री आरशासमोर उभे राहा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि तीन बोटे घालून बघा. घरात जो खर्रा खातो त्यालाही करायला लावा.