भिंतीतला पाइप कशासाठी असतो?

मंडळी, आज थोडा वायरिंगचा इतिहास. निमित्त घरचंच आहे.

मागच्या आठवड्यात गिझरसाठी नवी वायर ओढायला मी स्वतःच बसलो. मेन स्विच बंद केला, पाइपात स्प्रिंग सरकवली. दुसऱ्या बेंडला ती अडकली ती अडकलीच. शेवटी बॉक्स उघडला. पाइप गच्च! घर बांधतानाच्या ॲल्युमिनियमच्या वायरी, मग फ्रिजसाठी ओढलेली तांब्याची जोडी, मग एसीची. चाळीस वर्षांत प्रत्येकाने नवी घातली, जुनी कुणी काढली नाही. आणि अर्थिंगची हिरवी वायर? नव्हतीच. सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला.

आता मागे जाऊ. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. ते देणारी कंपनी लवकरच बुडाली, हा भाग वेगळा. मुंबईत वीज खऱ्या अर्थाने रुजली ती १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आल्यावर. १९०७ मध्ये विजेवरची ट्रामही धावली.

पण घरात वायर न्यायची कशी? सुरुवातीला खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्यांतून, वर लाकडाचंच झाकण. ओल लागली की वीज लाकडात झिरपायची, आग लागायची. काही जण वायर थेट गिलाव्यात पुरत. ती बिघडली की भिंत फोडा!

यावर उपाय म्हणून पाइप आला. एडिसनसोबत काम केलेले सिगमंड बर्गमन यांनी १८९० च्या दशकात बर्लिनमध्ये डांबरट कागदाच्या नळ्या बनवायला घेतल्या. नंतर लोखंडी पाइप आले, पुढे पीव्हीसीचे. साहित्य बदललं, कल्पना तीच राहिली: भिंत न फोडता जुनी वायर काढता यावी आणि नवी घालता यावी.

आपल्याकडे मात्र पुष्कळ वर्षं सागवानी पट्टी आणि क्लिपा हेच चाललं. जुन्या वाड्यांत, चाळींत ती पट्टी अजून दिसते. तिचा एक गुण होता, वायर डोळ्यांसमोर असायची. रबर तडकलं की कळायचं. कन्सील्ड वायरिंग आलं, भिंती सुंदर झाल्या आणि वायर नजरेआड गेली. नजरेआड गेली ती लक्षातूनही गेली.

कायदा झोपलेला नव्हता. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम सांगायचा की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं. २०१० च्या सुरक्षा नियमांतही हे तत्त्व कायम राहिलं. म्हणजे बल्ब बदलायचा हक्क माझा, गिझरची नवी लाइन ओढायचा नाही. हे मला पाइपात स्प्रिंग अडकल्यावर आठवलं!

यात बाऊ कसला, असं वाटेल. पण गिझरचं एलिमेंट फुटलं की वीज टाकीच्या पत्र्यात येते. अर्थिंग धड असेल तर ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर जमिनीकडे जाणारी वाट म्हणजे ओल्या पायांनी नळाला हात लावणारं घरातलं माणूस.

मी स्प्रिंग खाली ठेवली आणि वायरमनला बोलावलं. त्याने जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधली, टाल्कम पावडर लावली आणि जुनी ओढता ओढता नवी आत घेतली. सोबत हिरवीही. जुन्यांचा ढीग जमिनीवर पडला. पाइप ज्यासाठी बसवला होता ते काम त्याने पहिल्यांदाच केलं.

पावसाळा तोंडावर आहे. सोसायटीच्या सभेत रंगाचं टेंडर निघतं, लिफ्टवर तासभर भांडण होतं. यंदा एक विषय वाढवा: प्रत्येक घरातली अर्थिंग तपासणी. आणि आज घरी गेलात की वायरमनला फक्त एक प्रश्न विचारा, "आमच्या तिसऱ्या भोकात वायर आहे ना?"