अनोळखी हातांचे टपाल

टपालपेटी म्हटली की आपल्याला नाक्यावरचा लाल डबा आठवतो. परंतु इंग्लंडात डार्टमूरच्या दलदलीत १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने जी ठेवली, ती साधी बाटली होती! क्रॅनमिअर पूल या आडजागी पोहोचणाऱ्याने तीत आपल्या नावाचे कार्ड टाकावे, एवढेच. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवू लागले. मागून येणारा अनोळखी माणूस ती नेऊन टपालात टाकी. कार्ड घरी आले की समजावे, आपल्यामागून कोणी तेथवर गेले.

१९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकातील लेखामुळे हा छंद अमेरिकेत फोफावला आणि ओल्या दलदलीतली चाल ॲरिझोनाच्या वाळवंटी पायवाटांवर गेली. तेथे दगडाआड दडवलेल्या डब्यात वही आणि रबरी शिक्का असतो. डब्यातला शिक्का आपल्या वहीत, आपला तेथल्या वहीत उमटवायचा. त्याच सावलीला विंचू अन् सापही येतात. जाणता वाटसरू आधी काठीने चाचपतो.

मला मात्र पोस्टकार्डच अधिक आवडते. शिक्क्याचा पुरावा तेथल्या तेथे हाती पडतो. कार्डाला दुसऱ्याची वाट पाहावी लागे. आता मागून येणाऱ्यासाठी झाकण घट्ट लावून डबा होता तेथेच लपवायचा, एवढेच उरले आहे.