फांदी पडली त्या रात्री

कोरोनाकाळातला एप्रिल 2021 संपत आला होता. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात रात्री झाडाची फांदी ऑक्सिजनच्या पाइपलाइनवर कोसळली आणि गळती सुरू झाली. आठवडाभरापूर्वीच, 21 एप्रिलला, नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीनंतर किमान 22 रुग्ण दगावले होते. परभणीत कर्मचाऱ्यांनी रुग्णांना तातडीने जम्बो सिलिंडरवर घेतलं. अनर्थ टळला.

जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला 15 लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो जेमतेम पावणेआठ तास पुरतो. म्हणजे सिस्टरांनी काट्यावर नजर ठेवायची, ऑक्सिमीटर बघायचा, घाबरलेल्याला धीर द्यायचा. तेही पीपीई किट घालून, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात! बातम्यांत फांदी ठळक झाली, हे काम फारसं नाही.

या धैर्याला महाराष्ट्रात जुना दाखला आहे. 1897च्या प्लेगात पुण्याजवळ हडपसरला डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना काढला. तिथे त्यांच्या आई सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. त्याच संसर्गाने 10 मार्चला त्या गेल्या.

सावित्रीबाईंपाशी ना किट होतं, ना लस. कोरोनाची लस मात्र 16 जानेवारी 2021पासून देशभर आधी आरोग्य कर्मचाऱ्यांनाच मिळू लागली; फांदी पडण्याच्या तीन महिने आधी.