चौदा हजार रुपये आणि चार पाट्या

गेल्या आठवड्यात ग्रामसभेत वाचनालयासाठी टॅब घ्यायचा विषय निघाला. मंजूर व्हायला दहा मिनिटं लागली, पण 'कोणता घ्यायचा' यावर पाऊण तास कल्ला. मी मागे बसून ऐकत होतो, कारण हा वाद आम्ही २०१२ च्या दिवाळीत एकदा घालून बसलोय.

आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली जे तुटपुंजं अनुदान येतं ते कपाट, वर्तमानपत्रं आणि ग्रंथपालाच्या मानधनातच संपतं. त्यामुळे टॅबसाठी लोकवर्गणी काढली. जमले चौदा हजार. मी तेव्हा सचिव होतो, म्हणजे शिव्या खायचं पद माझ्याकडे.

तेव्हाचा बाजार आठवा. आयपॅड भारतात आला जानेवारी २०११ मध्ये, सगळ्यात स्वस्त मॉडेल २७,९०० रुपये. तो विषय आमच्यासाठी तिथंच संपला. ऑगस्ट २०१२ मध्ये किंडल इथल्या दुकानात ६,९९९ ला मिळायला लागलं. आणि सगळ्यांच्या तोंडी होता तो 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी दिल्लीत तो दाखवला, सरकार विद्यार्थ्यांना सवलतीत देणार होतं. त्याचीच बाजारातली आवृत्ती युबीस्लेट, किंमत २,९९९.

हिशोब सोपा दिसत होता. चौदा हजारांत दोन किंडल, नाहीतर चार युबीस्लेट. एक जुने सभासद म्हणाले, "टॅब्लेट म्हणजे पाटीच की रे, चार पाट्या घ्या, चार पोरं बसतील." मलाही पटलं होतं.

पण पहिल्या आकाशचा तपशील वाचला आणि गडबड कळली. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि नख दाबल्याशिवाय न चालणारा रेझिस्टिव्ह पडदा. वर अँड्रॉइड २.२. त्या आवृत्तीवर देवनागरी नीट दिसतच नव्हती, अक्षरांच्या जागी चौकोन यायचे. मराठी वाचनालयात मराठी न दिसणारी पाटी! पुढे तो प्रकल्प आयआयटी राजस्थानकडून आयआयटी मुंबईकडे गेला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये 'आकाश २' आला. पडदा चांगला, प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा, अँड्रॉइड ४. म्हणजे चूक त्यांनाही कळली होती. पण आमच्या तालुक्याच्या ठिकाणी तो दुकानात बघायलाही मिळेना.

मग किंडल. वाचायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मी आजही म्हणतो. कागदासारखा पडदा, उन्हातही स्पष्ट, एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे बघायला नको. लोडशेडिंगच्या गावाला याहून मोठं सुख कोणतं? अडचण अशी की लोडशेडिंग असायचं संध्याकाळी, आणि त्या किंडलला स्वतःचा उजेडच नव्हता. कंदील लावून किंडल वाचायचं का? गाणी नाहीत, भजनं नाहीत. आणि वाचायचं काय? अॅमेझॉननं मराठी पुस्तकांना किंडलचं दार अधिकृतपणे उघडलं ते डिसेंबर २०१६ मध्ये. २०१२ ला मराठीत फुकट मिळायचं ते ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्यांचं पीडीएफ. सहा इंची पडद्यावर पीडीएफचं अक्षर मुंगीएवढं. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर.

नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, १८३८ पासून जिल्हा वाचनालय आहे, १८४२ ला 'ज्ञानोदय' नगरहून निघाला. (जिल्हा आता अहिल्यानगर, पण जिभेवर नगरच बसलंय.) अशा जिल्ह्यात आम्ही चौदा हजारांत मराठी दिसेल असा पडदा शोधत होतो.

शेवटी देशी ब्रँडचे सात इंची दोन टॅब घेतले, अँड्रॉइड ४ चे, प्रत्येकी सहा-सात हजारांच्या घरात. देवनागरी दिसायची, पीडीएफ बोटानं मोठं व्हायचं, मेमरी कार्ड टाकायची सोय. पहिल्याच आठवड्यात पोरांनी बसस्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडून कार्डात गाणी भरून आणली. वाचन मागं पडलं म्हणून ओरड झाली. पण संध्याकाळी लाइट गेली की सत्तरीतले आमचे एक तात्या त्याच टॅबवर अक्षर बोटाएवढं करून वाचत बसायचे. मोतीबिंदूमुळे त्यांनी छापील पुस्तक सोडलं होतं.

आठ महिन्यांत एका टॅबची चार्जिंगची पिन सैल झाली, दुसऱ्याची बॅटरी फुगली. दुरुस्तीला पैसे ठेवलेच नव्हते. वर्गणी देणारे विचारायचे, "सचिवसाहेब, पाट्या फुटल्या का?" तात्या पुन्हा नुसते बसायला यायला लागले. ती चूक टॅबची कमी आणि माझी जास्त. चौदाच्या चौदा हजार वस्तूवर घातले.

म्हणून परवा शेवटी उठून बोललो. ब्रँड तुम्ही ठरवा. पण एकूण रकमेतला चौथा हिस्सा बॅटरी, पिन आणि कव्हरसाठी बाजूला ठेवा. सर्व्हिस सेंटर नगरमध्ये आहे की पुण्याला, ते आधी विचारा. आणि दुकानात टॅब हातात घेतला की गेम लावून बघू नका, एक मराठी पीडीएफ उघडा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या.

ग्रामसेवकांनी इतिवृत्तात एवढंच लिहिलंय : "सूचना विचारात घेण्यात आली." पुढची बैठक मंगळवारी सकाळी दहाला आहे, वाचनालयातच. ज्यांना कळतं त्यांनी या.