‘रो’ आणि ‘एसएसए’: एका प्रतिपिंडाची दोन नावे

डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखे खुपते, कोरडा घास पाण्याशिवाय गिळवत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर अनेकदा एक रक्ततपासणी सुचवतात. अहवालावर लिहिलेले असते: ‘अँटी-रो/एसएसए’. या दोन नावांच्या मधल्या तिरक्या रेघेला स्वतःचा इतिहास आहे.

१९३३ साली स्टॉकहोममधील हेन्रिक शोग्रेन या नेत्रवैद्याने आपला प्रबंध सादर केला. त्यात डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांचा अभ्यास होता आणि त्यांपैकी १३ जणींना संधिवातही होता. कोरडे डोळे त्यापूर्वीही वैद्यांना ठाऊक होते. शोग्रेन यांचे म्हणणे निराळे होते: हा आजार केवळ डोळ्यांचा नाही, तो साऱ्या शरीराचा आहे. परीक्षकांवर या मताची छाप पडली नाही. प्रबंधाला इतके कमी गुण मिळाले की विद्यापीठातील अध्यापनाची वाट बंद झाली. १९४३ साली ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्याने त्या जर्मन प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर केले आणि शोग्रेन यांचे नाव दूरवर पोहोचले. आज या विकाराला त्यांचेच नाव आहे.

तरीही निदानाचा प्रश्न उरलाच. पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवून अश्रू मोजण्याची ओटो शिर्मर यांची पद्धत १९०३ पासून वापरात होती. अश्रू किती येतात, हे ती सांगे. ते का आटले, हे मात्र नाही. उतारवयातही डोळे कोरडे पडतात, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानेही पडतात. मग शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटले आहे, हे ओळखायचे कसे?

१९५८ साली बॅरी जोन्स यांनी रुग्णांच्या रक्तद्रवात अश्रुग्रंथी व लाळग्रंथींच्या अर्काशी संयोग पावून साका तयार करणारी प्रतिपिंडे असल्याचे दाखवले. या शोधाला साधन मिळाले ते स्वीडनच्याच ऑर्यान औख्टरलोनी यांच्या पद्धतीचे. अगारच्या थरात छोटे खळगे करायचे, एकात पेशींचा अर्क, दुसऱ्यात रुग्णाचे रक्तद्रव भरायचे आणि वाट पाहायची. दोन्ही द्रव पाझरत एकमेकांना भेटतात. प्रतिपिंड जुळले, तर तेथे पांढरी रेघ उमटते.

१९६९ साली अमेरिकेत मॉरिस राइकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांत अशीच एक रेघ दिसली. ज्या रुग्णाच्या रक्तात ती सापडली, त्याच्या नावातील अक्षरांवरून तिला ‘रो’ म्हटले गेले; १९७४ साली ‘ला’ची भर पडली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात अल्सपॉ आणि एंग टॅन यांना शोग्रेनच्या रुग्णांत दोन प्रतिपिंडे आढळली. त्यांनी आजाराच्या नावावरून त्यांना ‘एसएसए’ आणि ‘एसएसबी’ ही नावे दिली.

अखेर १९७९ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांतील नमुने एकाच थरात शेजारी-शेजारी ठेवले गेले. दोन भिन्न प्रतिपिंडांच्या रेघा एकमेकींना छेदून पुढे जातात. एकाच प्रतिपिंडाच्या रेघा टोकाशी मिळून अखंड होतात. येथे त्या मिळाल्या. ‘रो’ म्हणजेच ‘एसएसए’, ‘ला’ म्हणजेच ‘एसएसबी’.

हा केवळ नावांचा घोळ नव्हता. ‘एसएसए’ या नावामुळे ते प्रतिपिंड शोग्रेनच्या आजाराचेच चिन्ह आहे, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ते आधी ल्युपसमध्ये सापडले होते. काही स्त्रियांच्या रक्तात तर कोणतेही लक्षण नसताना ते असते. त्यांच्यासाठी या चाचणीचे महत्त्व आणखी वेगळे आहे. हे प्रतिपिंड वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि अशा शंभर गर्भारपणांपैकी एक-दोनांत बाळाच्या हृदयाचे ठोके कायमचे मंदावतात.

२०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार वर्गीकरणासाठी चार गुण लागतात आणि अँटी-रो सापडल्यास त्यांपैकी तीन मिळतात. शिर्मरच्या जुन्या कागदी पट्टीला एकच गुण आहे. अर्थात, कित्येक रुग्णांच्या रक्तात हे प्रतिपिंड नसतेच. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर त्यांची बोळवण करणे चुकीचे ठरते. त्यांच्या ओठाच्या आतील बाजूच्या सूक्ष्म लाळग्रंथींचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तेथे लिम्फोसाइट पेशींचे पुरेसे पुंजके दिसले, तर त्यालाही तीनच गुण आहेत.