बाटलीतले पाणी

1918 साली अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत न्यूमोनिया झालेल्या अनेक सैनिकांच्या छातीत, फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत, पू साठू लागला. पू दिसला की त्याला ताबडतोब वाट करून द्यावी, हा शस्त्रक्रियेचा जुना नियम. डॉक्टर बरगडीचा तुकडा काढून छाती उघडत. सरासरी 30 टक्के रुग्ण दगावत. काही छावण्यांत त्याहून बरेच जास्त.

चौकशीसाठी नेमलेल्या आयोगातील इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. फुप्फुसाभोवतीचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून फुप्फुस फुगलेले राहते. छातीला मोठे भोक पडले की हवा आत घुसते. दोन्ही बाजूंमधला पडदा सैल असल्याने दुसरे फुप्फुसही दबते. पुढे पू घट्ट होतो, आवरणे चिकटतात, तेव्हा हा धोका कमी होतो. थोडक्यात, बरेच रुग्ण मरत होते ते उपचारांच्या घाईने! सुरुवातीला हवा आत न जाऊ देता पू काढावा, असे ठरल्यावर मृत्यू 5 टक्क्यांच्या आसपास आले.

त्यासाठीची युक्ती हँबर्गच्या ब्यूलाउ यांनी 1891 मध्येच प्रसिद्ध केली होती. छातीतल्या नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवायचे. आज ते साधारण 2 सेंटिमीटर बुडवतात. तेवढा दाब ओलांडून पू व हवा बाहेर पडतात. हवा मात्र परतू शकत नाही. श्वास घेताना पाणी नळीत थोडे वर चढते. म्हणूनच बाटली नेहमी छातीच्या बरीच खाली हवी. रुग्णाला हलवताना ती कुणी उचलून खाटेवर ठेवली, तर बाटलीतले पाणी उलट छातीत जाऊ शकते.